वडिवळ्याच्या खळ्यावरून

मु. वडिवळे, ता. मावळ
२८ नोव्हेंबर १९३७

चि. सौ. चंद्रिका हिस माधवचे अनेक आशीर्वाद.

येथील सर्व ठीक, तिकडील क्षेम कळवीत जावे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू कळवणार नाहीस हे मला ठाऊक आहे. दोन वर्षांत तुझं एकच पत्र आमच्या घरी आलं, तेही लीलामावशीला, संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर.

पत्ता वाचून बुचकळ्यात पडली असशील. लोणावळ्याच्या मालधक्क्यावरचा कारकून वडिवळ्याला काय करतो? तर ऐक. दसऱ्याला पुण्यात माझं अंतर्गळाचं ऑपरेशन झालं. वर्षभर जांघेत गाठ येत-जात होती आणि मी पट्टा आवळून दिवस ढकलत होतो. एक दिवस ती बाहेर आली ती आत जाईना. तीन आठवडे दवाखान्यात, दिवाळी तिथेच. चकलीचा तुकडासुद्धा मिळाला नाही. तुला कळवलं नाही, कारण कळवून तू आली नसतीस तर ते जास्त दुखलं असतं.

घरी आल्यावर मावशीने मला पलंगावर ठेवलं ते देवघरातल्या बाळकृष्णासारखं. न्हाऊमाखू घालायचं, नैवेद्य दाखवायचा, हलू मात्र द्यायचं नाही. पंधरा दिवसांत मी इतका अशक्त झालो की भिंतीवरचं घड्याळ पाहायला मान वर केली तरी चक्कर येई. मग तिच्या सुनेचे दिवस भरत आले आणि ती साताऱ्याला गेली. घरात मी आणि पलंग. तेव्हा आमच्या धक्क्यावरचा हमाल दत्तोबा आला, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मला गाडीने कामशेतला आणि तिथून बैलगाडीने, खाली पेंढ्याची गादी घालून, आपल्या गावी आणून टाकलं. इथे त्याची आई रतनबाई आहे. मी तिच्या चुलीवरचं जेवतो. मावशीला यातलं काही कळवू नकोस, माझ्या प्रायश्चित्तापायी तिला नाहक काशीयात्रा घडेल.

ही रतनबाई साठीच्या घरातली, काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. पहिल्या सकाळी मी ओसरीवर घोंगडीत पडलो होतो. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भाऊसाहेब, असंच पडून ऱ्हायलात तर पाठीला मुळं फुटतील. हितंच उगवाल."

मी म्हटलं, बाई, मी आजारी माणूस. ऑपरेशन झालंय.

"म्हनून तर सांगते. खळ्यावर भात वाळत घातलंय. त्यात पाय फिरवाया मानूस न्हाई. उटा."

मला वाटलं थट्टा करते आहे. ती करत नव्हती.

बाकीचं पुढे लिहीन, हात दमला. मुद्द्याचं एवढंच की महिन्याभरात मी लोणावळ्याला परत जाणार, आणि घरात बाईमाणूस हवं. झालं गेलं गंगेला मिळालं. तळेगावला गंगाधररावांच्या घरी तू राहतेस, शाळेत शिकवतेस, सारं कानावर येतं. भावाचं घर ते भावाचं घर. आपल्या घरी ये, असं मी मोठ्या मनाने लिहितो आहे.

कळावे, लोभ असावा.

माधव


वडिवळे
९ डिसेंबर १९३७

चि. सौ. चंद्रिका हिस अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्राचं उत्तर नाही. आलं असतं तर मलाच आश्चर्य वाटलं असतं. दत्तोबा रविवारी आला तेव्हा मी त्याच्या पिशवीकडे दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिल्यावर त्याने ती उलटी करून दाखवली. आत तंबाखू होती.

पण आज तुला रतनबाईबद्दल सांगायचंच आहे. तू नाही ऐकलंस तरी सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला हे कळणार नाही.

इथला आंबेमोहर झोडून झाला की खळ्यावर पातळ पसरून उन्हात घालतात. खालचा दाणा वर आला नाही तर ओल धरतो. म्हणून तासातासाला कुणीतरी त्यात अनवाणी चालायचं. चालायचं म्हणजे पाऊल उचलायचं नाही, ओढायचं. पावलामागे नांगरल्यासारखी एक चर पडते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मग तिला लागून दुसरी, अशा उभ्या चरी. पुढच्या खेपेला आडव्या. घरातली म्हातारी माणसं आणि पोटुशा बाया यांचं हे काम. त्यांच्यात आता मी.

पहिल्या दिवशी मी मोजे घालून गेलो. पायाला कुसं टोचतील म्हणून. खळ्यावर शेजारची झुंबरबाई होती, ती हसत हसत खालीच बसली. मोज्यांत इतकी कुसं शिरली की ते मोजे मला अजून टोचतात, गोठ्याच्या खुंटीवर टांगलेले आहेत तरी.

"पाय उचलला की पोट ताणतं," रतनबाई म्हणाली. "वडला की ताणत न्हाई. घाई न्हाई करायची. भात कुटं पळून जात न्हाई."

पहिल्या दिवशी दोन चरी झाल्या आणि मी घामाने भिजलो. ती माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती, हाताकडे पाहत होती. दुसऱ्या चरीच्या शेवटी माझा हात आपोआप टाक्यांवर गेला, तशी ती म्हणाली, "बास. हात पोटाकडं गेला की थांबायचं. तुमचं त्वांड खोटं बोलंल, हात न्हाई बोलायचा."

तो नियम. रोज त्याच नियमाने. दोनाच्या चार चरी झाल्या, चाराच्या सात. मध्ये एक दिवस पुन्हा तीनच झाल्या तेव्हा मी चिडलो. तिने काही समजूत घातली नाही. एक दाणा उचलून माझ्या दाताखाली दिला. मऊ लागला. "काल ढग व्हते. ह्यो बी मागं आला एक दिस. म्हनून काय भात टाकून देऊ?" असं म्हणून ती गोठ्यात निघून गेली. चंद्रिके, आमच्या पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांचा हात धरणारा कुणी नसेल, पण या बाईच्या नजरेसमोर मी त्यांनासुद्धा उभं करीन.

आठव्या दिवशी मला शिंगं फुटली. वाळलेलं भात कणगीत भरायचं चाललं होतं. मी एक पाटी उचलली. ती गुडघ्यापर्यंतही आली नव्हती तोच जांघेत अशी कळ आली की मी पाटीसकट खाली. रतनबाईने आधी मला चाचपलं, टाके पाहिले, शिवण धड आहे अशी खात्री केली आणि मग जे तोंड सोडलं ते अख्ख्या वाडीने ऐकलं. "पुरुसाची जात! चालाय सांगितलं तर लाजत्यात, नि उचलाय नको म्हनलं तर उचलत्यात!" दोन दिवस मला पुन्हा ओसरीवर बसवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन चरींपासून सुरुवात.

त्या दोन दिवसांत मी तिला विचारलं, हे सारं तुम्हाला कुणी शिकवलं? तेव्हा कळलं. नऊ वर्षांपूर्वी तिच्या पोटात गोळा झाला होता. पुण्याच्या दवाखान्यात पोट कापून काढला. "पाच शेराचा निघाला. लेकरावानी." तिथल्या नर्सबाईने सांगितलं, घरी जाऊन रोज थोडं थोडं चाल. ती घरी आली ते ऐन झोडणीत. नवरा आधीच गेलेला, दत्तोबा धक्क्यावर, भात खळ्यावर. वजन उचलता येईना, वाकता येईना. तेव्हा ती भातात उतरली, कारण तेवढंच तिला करता येत होतं. पोटाला लुगड्याचा फडका घट्ट बांधून, रोज दोन चरी जास्त. "भात बी वाळलं नि मी बी."

पोट फाडलेली बाई, घरात कुणी नाही, आणि तिने आपलं औषध आपल्याच खळ्यावर शोधून काढलं. मला बढतीच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्याचं दुःख वाटतं ते किती हलकं आहे, हे तेव्हा कळलं.

मग तिने मला विचारलं. इथवर लिहून मी थांबलो होतो, तासभर टाक हातात घेऊन बसलो होतो. लिहूनच टाकतो.

"दत्तू म्हनला, तुमच्या बाईसाबांचं बी पोट कापलं व्हतं. तसलाच गोळा. व्हय?"

व्हय, म्हटलं. दोन वर्षं झाली.

"मग त्यास्नी कुनी चालवलं?"

मी म्हटलं, मी त्यांची फार काळजी घेतली, रतनबाई. अडीच महिने जमिनीला पाय लावू दिला नाही.

ती सुपातलं भात पाखडत राहिली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "येवडी काळजी घेतली, मंग त्या हितं का न्हाईत?"

तुझ्या वहाणा मी फडताळात घालून कुलूप लावलं होतं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? ते तुला माहीत आहे. दुसरं एक आहे, ते तुलाही माहीत नाही.

आज नऊ चरी झाल्या.

माधव


वडिवळे
२१ डिसेंबर १९३७

चंद्रिके,

आज वर आशीर्वाद लिहिला नाही. राहून गेला असं समजू नकोस.

तुझं कार्ड पोचलं. अडीच ओळी. "पत्रे पोचली. प्रकृतीस जपावे. रतनबाईंना माझा नमस्कार सांगावा." मी ते रतनबाईला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तुमास्नी काय न्हाई का लिवलं?" मी म्हटलं, प्रकृतीस जपावे हे मला आहे. ती म्हणाली, "ते तर दवाखान्याचा दरवान बी म्हनतो." नमस्कार मात्र तिने दोन्ही हात जोडून घेतला आणि कार्ड मागून घेऊन देवाच्या फळीवर ठेवलं. तेव्हा ते आता माझ्याजवळ नाही.

आता जे दोन पत्रांत लिहिलं नाही ते लिहितो.

तुला दवाखान्यातून घरी नेण्याच्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. तू खाली टांग्यात बसली होतीस. ते म्हणाले, जखम चांगली भरली आहे, घरी रोज थोडं थोडं चालवा, आधी खोलीत, मग अंगणात, मग रस्त्याने. पडून राहिल्या तर अशक्तपणा येईल. मी हो म्हटलं. खाली आलो. तू विचारलंस, काय म्हणाले? मी म्हटलं, तीन महिने सक्त विश्रांती.

डॉक्टरांनी असं कधीच सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं.

तू दोन वर्षं असं समजत असशील की नवरा डॉक्टरांच्या शब्दाबाहेर जाईना, भित्रा, हेकट. तेवढाच असतो तर बरं होतं.

का सांगितलं, तर माझी आई बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी पाण्याची घागर आणायला उठली आणि दारात कोसळली. मी सात वर्षांचा होतो. उठलेली बाई म्हणजे मेलेली बाई असं माझ्या डोक्यात बसलं ते बसलं. हे खरं आहे. पण एवढंच खरं असतं तर मी तुला तेव्हाच सांगितलं असतं आणि तू समजून घेतलं असतंस. दुसरंही खरं आहे. कामावरून आलो की तुला जिथे ठेवलं होतं तिथेच तू सापडायचीस. मूल होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून तू गप्प झाली होतीस, आणि मला वाटे, ही उठली तर कुठेतरी निघून जाईल. धक्क्यावर काचसामानाच्या खोक्यांवर आम्ही चिठ्ठी लावतो, जपून हाताळा म्हणून, आणि कोपऱ्यात ठेवून देतो. तसं मी तुला ठेवलं. तुझी काळजी घेतो असं सगळ्या आळीला सांगत राहिलो, आणि आळीने माझं कौतुक केलं.

एक दिवस मी लवकर घरी आलो तर तू भिंत धरून खिडकीपर्यंत गेली होतीस. नागफणीच्या डोंगराकडे पाहत उभी होतीस. पलंगापासून खिडकी आठ पावलं. तेव्हा मी ओरडलो. आता त्या खळ्यावर घामाने निथळल्यावर मला कळतं, दोन महिने पडून राहिलेल्या माणसाला आठ पावलं म्हणजे काय. तुला ना रतनबाई होती, ना भात. सांगायला कुणी नव्हतं की हात पोटाकडं गेला की थांब. तू एकटीने केलंस, चोरून, माझी पाठ वळल्यावर. मी घरी नसताना रोज करत असशील. नाहीतर पंधरा दिवसांनी भर दुपारी अनवाणी स्टेशनपर्यंत कशी गेलीस? धक्क्यावर मला कुणी सांगितलं तेव्हा गाडी कामशेतच्याही पुढे गेली होती.

लोक मला सांगत होते की माझी बायको पळून गेली. तू चालत गेलीस. मी दोन वर्षांनी हे शिकलो.

आणखी एक. दवाखान्यातून मला परत आणत होते तेव्हा गाडी तळेगावला थांबली. मी बाकावर आडवा होतो. खिडकीतून रस्ता दिसला. शाळेच्या वीस-पंचवीस मुली रांगेने चालल्या होत्या आणि त्यांच्या पुढे तू. पदर खोचलेला, हातात छत्री, मान ताठ. मुलींना तुझ्या बरोबरीने चालायला धावावं लागत होतं. मागे वळून तू त्यांना काहीतरी म्हणालीस आणि हसलीस. मी तोंडावर घोंगडी ओढून घेतली. शेजारचा प्रवासी म्हणाला, फार दुखतंय का? मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं.

किती सुंदर चालतेस तू, चंद्रिके. लग्नाला बारा वर्षं झाली, मी कधी पाहिलंच नव्हतं.

हे सगळं मी गेल्या आठवड्यात रतनबाईला सांगितलं, डॉक्टरांचंसुद्धा. वाटलं, आता हाकलून देईल. ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग? माझ्या वहाना व्हत्या का?" मी म्हटलं, हे वाचून ती माझं तोंड पाहणार नाही. "न्हाई बघायच्या. तो त्यांचा हक्क हाय. तुमी सांगा नि मंग गप ऱ्हावा."

म्हणून पहिल्या पत्रात मोठ्या मनाने वगैरे जे लिहिलं, ते मी परत घेतो. घरी ये असं मी म्हणत नाही. घरात बाईमाणूस नको. भात शिजवायला मी शिकलोय, थोडा करपतो.

दत्तोबाला किल्ली देऊन मी तुझ्या वहाणा कुलपासकट मागवून घेतल्या. चामडं वाळून लाकूड झालं होतं. रतनबाईने दोन दिवस एरंडेल चोळलं, एक दिवस मी चोळलं. कामशेतच्या चांभाराकडून नवे तळ घालून घेतले. आता मऊ आहेत.

येता सोडून त्यापुढच्या रविवारी, दोन जानेवारीला, मी दुपारच्या गाडीने तळेगावला उतरेन. स्टेशनपासून गंगाधररावांच्या घरापर्यंत चालत येईन. तेवढं आता जमतं. वहाणा तुमच्या ओसरीवर, उंबऱ्याच्या बाहेर ठेवीन. हाक मारणार नाही. दार वाजवणार नाही. ओसरीवर दम खाण्यापुरता बसेन, तेवढी परवानगी गंगाधररावांकडे माझ्या वतीने माग. साडेचारला परतीची गाडी आहे.

वहाणा तुझ्या आहेत. घालून शाळेत जा, तळ्यावर जा, मनात येईल तिथे जा. लोणावळ्याच्या गाडीत बसावं असं कधी मनात आलं तर बस. नाही आलं तर त्या झिजेपर्यंत तळेगावात चाल. मी पुन्हा कुठल्याच फडताळाला कुलूप लावणार नाही. लावलेलं होतं ते काढून इथल्या विहिरीत टाकलं. रतनबाई म्हणाली, चांगलं कुलूप व्हतं, गोठ्याला लावलं असतं.

पुढचा मजकूर शिसपेनीने लिहितो आहे, कारण मी कामशेत स्टेशनवर आहे. हे पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नाही असं ठरवलं होतं. नाणे गावापर्यंत चालत आलो. तिथे हात पोटाकडे गेला तेव्हा थांबलो आणि पुढे बैलगाडीत बसलो. पूर्ण वाट चालत आलो असं लिहिणार होतो, पण तुला एक खोटं पुरे झालं. रतनबाई बरोबर आली आहे. पत्रपेटीपाशी उभी राहून विचारते आहे की एवढं काय लिहिता. तिने निरोप दिला आहे, तो तिच्याच शब्दांत देतो: "बाईसाब, पट्टा पयल्या दिसी चावंल. त्याल लावून घाला. नि येकदा आमच्या खळ्यावर या. तुमचं पाय मला बगायचं हायत."

बारा वर्षं मी तुला प्रत्येक पत्रात आशीर्वाद लिहिला, नवरा म्हणून, सवयीने. मी कोण तो देणारा? या वेळी जे द्यायचं ते खाली लिहितो. जे हात मी देवापुढे आणि रतनबाईपुढे जोडतो, तेच जोडून.

तुला माझा नमस्कार.

माधव